जुन्या कूलंटचे काय करायचे?

परभणी जिल्ह्यातल्या पालमला हिवाळ्यात पाणी गोठत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात एखाद्या वर्षी पारा पाच अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याची नोंद होते, वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते, पण शून्य अंश तेव्हाही दूरच असतो. मे महिन्यात तर हाच पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसतो. असे असताना गंगाखेड-लोहा रस्त्यावरच्या या गावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात हिरव्या, लाल, निळ्या द्रवाचे डबे मांडलेले दिसतात आणि त्यांतल्या काहींवर 'अँटिफ्रीझ', म्हणजे गोठणरोधक, असे छापलेले असते. वर्गातल्या एखाद्या चौकस मुलाने विचारले, की जिथे पाणी गोठतच नाही तिथे गोठणरोधक कशाला, तर आपण काय सांगू? आणि त्याने पुढे विचारले, की हे पाणी जुने झाल्यावर कुठे जाते, तर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बारावीच्या रसायनशास्त्रात मिळते. दुसऱ्याचे कुठल्याच पाठ्यपुस्तकात मिळत नाही. गॅरेजमधल्या मिस्त्रीला विचारले तर तो हाताने मागच्या नालीकडे बोट दाखवील. या लेखात आपण पहिल्या प्रश्नावरून लवकर पुढे जाऊ आणि दुसऱ्यापाशी थांबू.

इंजिनातले पाणी

डिझेल इंजिनात इंधन पेटते त्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्या आसपास जाते. लोखंड त्याच्या कितीतरी आधी वितळते. इंजिन टिकते ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीत सतत फिरणाऱ्या पाण्यामुळे. हे पाणी उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पुन्हा आत जाते. या फिरत्या पाण्यात इथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव आणि काही गंजरोधक रसायने मिसळली, की त्याला कूलंट म्हणतात. थंड देशांत ग्लायकॉल मिसळतात ते पाणी गोठू नये म्हणून, कारण गोठताना पाणी प्रसरण पावते आणि इंजिनाचा ओतीव ठोकळा फोडते. तेथूनच गोठणरोधक हे नाव आले आणि आपल्याकडेही तेच चिकटले.

पण द्रावणाचा गोठणबिंदू उतरतो तेव्हा उत्कलनबिंदू चढतोही. हे दोन्ही बदल विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतात, कणांच्या जातीवर फारसे नाही. एक किलो पाण्यात शंभर ग्रॅम ग्लायकॉल विरघळवले तर गोठणबिंदू सुमारे तीन अंशांनी उतरतो आणि उत्कलनबिंदू जेमतेम पाऊण-एक अंशाने चढतो. आकारमानाने निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल घेतले तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि १०७ अंशांच्या आसपास उकळते. बारावीच्या मुलांना हे उदाहरण जरूर सोडवायला द्यावे. सूत्राने गोठणबिंदू उणे ३३ च्या जवळ येतो, प्रत्यक्षात तो आणखी खाली असतो. सूत्र विरल द्रावणासाठी आहे आणि निम्मे-निम्मे मिश्रण विरल म्हणता येत नाही, हे त्यातून आपोआप कळते. आणखी एक कोडे: निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते, म्हणजे मिश्रण त्याच्या दोन्ही घटकांपेक्षा जास्त थंडी सोसते.

रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, त्यामुळे उत्कलनबिंदू आणखी चढतो. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. म्हणूनच उन्हाळ्यात नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरचे पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही. आणि म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब एकदम सुटला की ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. कूलंटमुळे होणारी सर्वांत नेहमीची इजा विषाची नसते, ती या भाजण्याची असते.

पालमच्या दृष्टीने कूलंटचा खरा उपयोग मात्र तिसराच आहे. मराठवाड्यातला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, याच्या भेगांतून येणारे विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. पाणी तापवण्याच्या हंड्यात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि उष्णता अडवतो. शिवाय एकाच पाण्यात लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम आणि डाग देण्याचे शिसे-कथिल असे चार-पाच धातू भिजत असतात. दोन धातू आणि एक द्रावण एकत्र आले की विद्युत्-घट तयार होतो आणि त्यातला एक धातू झिजू लागतो. कूलंटमधली गंजरोधक रसायने हे थांबवतात. ती हळूहळू खर्च होतात. ग्लायकॉलचेही गरम असताना हवेशी संयोग होऊन थोडे-थोडे आम्लात रूपांतर होत राहते. नव्या कूलंटचा सामू अल्कधर्मी, आठ ते अकराच्या दरम्यान असतो. तो सातच्या जवळ आला म्हणजे पाणी बदलण्याची वेळ उलटत चालली. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हा काळ दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत असतो.

बदलताना जे बाहेर पडते ते आत ओतले होते ते नसते. त्यात ग्लायकॉल जवळजवळ पूर्ण शिल्लक असते. वर लोखंड, तांबे, जस्त आलेले असते आणि जुन्या पितळी रेडिएटरमधून डागाचे शिसेही. थोडे ऑइल किंवा डिझेलही मिसळलेले असू शकते. रंग गढूळ तपकिरी झालेला असतो, गुळाच्या पाण्यासारखा. उत्पादकाने मुद्दाम घातलेला भडक रंग, ज्यावरून हे पाणी पिण्याचे नव्हे हे ओळखावे, तो नेमका या वेळी नाहीसा झालेला असतो. मोटारीतून चार-सहा लिटर, ट्रॅक्टरमधून दहा लिटरच्या आसपास, मालमोटार किंवा बसमधून वीस लिटर आणि वरही. त्याखेरीज जेसीबी, उसाच्या हंगामातले हार्वेस्टर, बोअरच्या गाडीवरचा कॉम्प्रेसर, मोबाईल टॉवरचा जनरेटर. हे सगळे तालुक्याच्या गावात आहे आणि तिथेच दुरुस्त होते.

गोड विष

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे संयुग प्रथम तयार केले. ग्लिसरीन आणि अल्कोहोल या दोघांच्या मधले म्हणून त्यांनी त्याला ग्लायकॉल म्हटले. ग्लिसरीनच्या नावात 'गोड' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे आणि ग्लायकॉललाही चव गोडसरच असते. वास जवळजवळ नाही.

त्याचा रेणू लहान आहे: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. पोटात गेल्यावर पहिले काही तास तो फक्त दारूसारखा परिणाम करतो. माणूस झिंगल्यासारखा वागतो, पण तोंडाला दारूचा वास नसतो. पुढचे काम आपले यकृतच करते. दारू पचवणारे विकर ग्लायकॉललाही पचवू लागते आणि त्यातून क्रमाने ग्लायकॉलिक आम्ल, मग काही भाग ऑक्झॅलिक आम्ल असे पदार्थ बनतात. ग्लायकॉलिक आम्लाने रक्ताची आम्लता वाढते. ऑक्झॅलिक आम्ल रक्तातले कॅल्शियम पकडते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होते किंवा बंद पडते. म्हणजे विष बाहेरून येत नाही, ते शरीरात तयार होते, आणि उपचाराचे सूत्रही यातूनच निघते. विकराला दुसऱ्या कामात गुंतवून ठेवायचे किंवा त्याला अडवायचे, म्हणजे ग्लायकॉल न बदलता लघवीवाटे निघून जाते. रुग्णालयात यासाठी फोमेपिझोल नावाचे औषध किंवा मोजून दिलेला अल्कोहोल वापरतात आणि गरज पडल्यास डायलिसिस करतात. हे वाचून कुणी घरी दारू पाजण्याचा उपचार करू नये. मात्रा चुकली तर एका विषावर दुसरे होते. रुग्णाला उलटी करवण्याच्या भानगडीतही पडू नये. झिंग उतरली म्हणजे बरे वाटते असा समज करून न घेता तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि डबा बरोबर घ्यावा, म्हणजे काय पोटात गेले हे डॉक्टरांना कळते. डायलिसिसची सोय कुठे आहे हे आधीच माहीत असणे चांगले. पालमकरांना त्यासाठी बहुधा परभणी किंवा नांदेड गाठावे लागेल आणि त्या प्रवासात जाणारे तास महत्त्वाचे असतात.

मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड मिलिलिटर निव्वळ ग्लायकॉल जीवघेणे ठरू शकते. बारा किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ निम्म्या-निम्म्या कूलंटचे अडीच-तीन मोठे चमचे. मांजराला तर त्याहून थोडे, तीन किलोच्या मांजराला दोन लहान चमच्यांपेक्षाही कमी. कुत्रा थोडा अधिक सोसतो, गुरे आणखी अधिक, पण लहान वासरू नाही.

ग्लायकॉलच्या कुळाशी महाराष्ट्राची ओळख रेडिएटरमधून नव्हे, रुग्णालयातून झाली आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ होती आणि १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औषधाचे ग्लिसरीन आणि कारखान्यात वापरायचे ग्लिसरीन डोळ्यांना सारखेच दिसते, दोन्ही घट्टसर, रंगहीन, गोड. चाळीस वर्षे होत आली तरी हे संपलेले नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून हेच डायइथिलीन ग्लायकॉल लहान मुलांच्या पोटात गेले. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. डायइथिलीन ग्लायकॉल म्हणजे ग्लायकॉलचे दोन रेणू ऑक्सिजनच्या एका अणूने जोडलेले. कूलंटमधले मुख्य ग्लायकॉल ते नव्हे आणि त्याची शरीरातली वाटही थोडी वेगळी आहे, पण शेवट मूत्रपिंडांतच होतो. या घटना इथे सांगण्याचे कारण एवढेच, की अशा द्रवाची ओळख चवीने, रंगाने किंवा वासाने पटत नाही, ती फक्त डब्यावरच्या चिठ्ठीने पटते. जुने कूलंट मिनरल वॉटरच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच घातक आहे.

मे महिन्यातले डबके

आता नालीकडे वळू. मिस्त्रीचा युक्तिवाद असा असतो, की उन्हाळ्यात जमिनीवर ओतलेले पाणी दुपारपर्यंत वाळून जाते. पाण्याच्या बाबतीत ते खरे आहे. पण ग्लायकॉल १९७ अंशांना उकळते, साध्या उन्हात ते फारसे उडत नाही. डबक्यातले पाणी आधी निघून जाते आणि मागे राहते ते अधिक तीव्र, अधिक गोड ग्लायकॉल. ते आर्द्रताशोषकही आहे, म्हणजे रात्रीच्या हवेतली आर्द्रता थोडीफार ओढून घेते. परिणामी आजूबाजूची सगळी जमीन करकरीत वाळलेली असताना गॅरेजमागचा तेवढा तुकडा ओला राहतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तहानलेली कुत्री, शेळ्या, मोकाट वासरे ओल शोधत फिरतात. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत गोड चवीमुळे कुत्री-मांजरे कूलंटकडे ओढली जातात असे सांगितलेले असते. आपल्याकडे गोडीची गरजही नाही, ओल पुरे आहे. अमेरिकेतल्या उत्पादकांनी २०१२ साली घरगुती विक्रीच्या कूलंटमध्ये अतिशय कडू पदार्थ मिसळण्याचे मान्य केले. तो उपाय चांगला आहे, पण तहानेपुढे किती टिकेल याची आम्हाला शंका वाटते.

दुसरा युक्तिवाद: माती ते शोषून घेते. हाही अर्धा खरा आहे. ग्लायकॉल मातीतले जिवाणू खातात आणि हवा, ओल, ऊब मिळाली तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपवतात. या बाबतीत ते कीटकनाशकांपेक्षा बरेच सुसह्य आहे आणि उगाच बाऊ करू नये. पण शिशाला जिवाणू खात नाहीत. काळी माती शिसे धरून ठेवते, म्हणजे ते जिथे ओतले तिथेच वर्षानुवर्षे साचते, आणि तिथेच मुले खेळतात. शिवाय हीच काळी माती उन्हाळ्यात फाटते. हातभर खोल भेगा पडलेल्या जमिनीवर ओतलेला द्रव मातीच्या कणांतून गाळून जात नाही. तो भेगेतून सरळ खाली जातो, जिवाणूंना सवड न देता.

आणि तो पाण्यात पोहोचला तर? इथे थोडे गणित करू, ते वर्गातही करता येईल. ग्लायकॉल पूर्ण कुजण्यासाठी त्याच्या प्रत्येक रेणूला ऑक्सिजनचे अडीच रेणू लागतात. वजनात मोजले तर ६२ ग्रॅम ग्लायकॉलला ८० ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे एक ग्रॅमला सुमारे १.२९ ग्रॅम. एक लिटर निम्म्या-निम्म्या कूलंटमध्ये ५०० मिलिलिटर, म्हणजे साधारण ५५५ ग्रॅम ग्लायकॉल असते. त्याला ऑक्सिजन लागेल ७१६ ग्रॅम. आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे ८९ हजार लिटर पाणी. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर तेही जवळजवळ तेवढेच, ८९ हजार लिटर भरते. म्हणजे एक लिटर जुने कूलंट कागदोपत्री एका विहिरीतला सगळा ऑक्सिजन खाऊ शकते.

कागदोपत्री म्हणण्याचे कारण आहे. विहिरीच्या पृष्ठभागावरून नवा ऑक्सिजन सतत विरघळत असतो आणि जिवाणूंनाही वेळ लागतो. त्यामुळे एका लिटरने विहीर मरणार नाही. पण साचलेल्या पाण्यात ही भरपाई मंद असते, आणि ट्रॅक्टरमधून निघतात ते दहा लिटर. पालम तालुक्यातल्या लेंडी-गळाटीसारख्या लहान नद्यांत उन्हाळ्यात वाहते पाणी नसतेच, असतात ती डबकी, आणि त्यांतच मासे, बेडूक पावसाची वाट पाहत तग धरून असतात. नाली अखेर अशाच एखाद्या ओढ्याला मिळते. काही परदेशी पुस्तिकांत थोडे कूलंट, पालिकेची परवानगी घेऊन, सांडपाण्याच्या नळात सोडावे असा सल्ला असतो. तो सल्ला त्या नळाच्या शेवटी मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र आहे असे धरून दिलेला असतो. आपल्या उघड्या गटाराच्या शेवटी तसे काही नसते, म्हणून तो इथे उचलून वापरता येत नाही.

गॅरेजमध्ये काय करावे

इंजिन पूर्ण निवू द्यावे. खाली पसरट घमेले किंवा ट्रे ठेवून रेडिएटरची तळची चावी उघडावी. नळी लावून तोंडाने ओढण्याची पद्धत डिझेलसाठीही वाईट आहे, कूलंटसाठी तर मुळीच नको. कातडीतून ग्लायकॉल फारसे आत जात नाही, हात साबणाने धुतले म्हणजे पुरे, पण हाताला जखमा असतील तर रबरी हातमोजे घालावेत. जमिनीवर सांडले तर पाण्याने धुऊन नालीत ढकलू नये. लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकावी, ती भिजू द्यावी आणि मग झाडून पिशवीत भरून ठेवावी. भुशाचा ढीग उघड्यावर मात्र ठेवू नये, जनावरे तो चाटतात.

जमा झालेले पाणी जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरावे. कॅनवर न पुसणाऱ्या शाईने मराठीत लिहावे: जुने कूलंट, विष, पिऊ नये. शेजारी कवटी काढावी, कारण वाचता न येणारे मूलही गॅरेजमध्ये असते. कॅन सावलीत, कुलपात आणि फरशीवर ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे पाणी जुन्या ऑइलच्या पिंपात ओतू नये. जुन्या ऑइलला गिऱ्हाईक आहे. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते आणि केंद्र सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत त्याची तरतूद आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर वापरलेले ऑइल परत मिळवून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. त्यात कूलंट मिसळले की पाणी आणि ग्लायकॉल शिरून ऑइल बिघडते आणि एका कचऱ्याचे दोन होतात. ब्रेक ऑइल, बॅटरीचे आम्ल, रॉकेल हेही कूलंटच्या कॅनमध्ये येऊ देऊ नये. ग्लायकॉल शुद्ध करणे तत्त्वतः सोपे आहे: गाळायचे, ऊर्ध्वपातनाने किंवा आयन-विनिमय पद्धतीने धातू आणि आम्ले काढायची, गंजरोधक नव्याने घालायचे. पण मिश्रण शुद्ध असेल तरच ते परवडते. हा प्रयोग चुलीवर पातेले ठेवून कुणी करू नये. पाणी उडून गेले की मागे जे राहते त्याची वाफ विषारी असते आणि ते पेटही घेऊ शकते.

भरलेला कॅन कुठे द्यायचा, हा खरा अवघड भाग आहे. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामाईक केंद्रे महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. पालमहून वीस लिटरचा कॅन घेऊन तिथे कुणी जाणार नाही आणि जावे असे सांगणे हास्यास्पद ठरेल. व्यवहार्य वाट एकत्र येण्याची दिसते. गावातल्या पाच-सहा गॅरेजवाल्यांनी मिळून दोनशे लिटरचे एक पिंप ठेवावे. ट्रॅक्टर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे किंवा मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे, जिथून घातक कचरा तसाही उचलला जातो, ते घेण्याची विनंती करावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे परवानाधारक वाहतूकदारांची चौकशी करावी. शाळेच्या लेटरहेडवर लिहिलेल्या पत्राला अशा कामात कधीकधी जास्त वजन येते. पिंप भरायला वर्ष लागले तरी बिघडत नाही. बंद पिंपात ठेवलेले जुने कूलंट कुणाचे काही वाईट करत नाही.

त्याहून सोपे म्हणजे ते कमी निर्माण करणे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न भरता बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी मिसळावे, म्हणजे कूलंट पूर्ण मुदत टिकते. दर हंगामाला सवयीने बदलून टाकण्याऐवजी आधी सामूदर्शक कागद बुडवून पाहावा. मिसळण्याचे प्रमाण डब्यावर दिलेलेच ठेवावे. ग्लायकॉल जास्त घातले की जास्त चांगले, ही समजूत चुकीची आहे. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे फार घट्ट मिश्रणाने इंजिन उलट अधिक तापते. प्रॉपिलीन ग्लायकॉलवर आधारलेले कूलंटही मिळते. ते बरेच कमी विषारी आहे. त्याचा शुद्ध प्रकार खाद्यपदार्थांतही वापरतात. जिथे अंगणात गुरे आणि मुले असतात तिथे थोडे जास्त पैसे देऊन ते घेण्यात शहाणपण आहे. पण इंजिनातून निघालेल्या त्याच्याही पाण्यात तेच धातू असतात, तेव्हा कॅन आणि चिठ्ठी यांतून सुटका नाही.

वर्गात दाखवण्यासारखे

इथिलीन ग्लायकॉल वर्गात आणू नये. त्याचे दोन्ही गुण औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरीनने दाखवता येतात. एका परीक्षानळीत साधे पाणी, दुसरीत निम्मे पाणी आणि निम्मे ग्लिसरीन घ्यावे आणि दोन्ही नळ्या बर्फ आणि जाडे मीठ यांच्या मिश्रणात उभ्या कराव्यात. जत्रेतला कुल्फीवाला जे मिश्रण वापरतो तेच हे. पाणी गोठेल, दुसरी नळी हलवली तर द्रव हलेल. मुले लगेच विचारतील, की मग बर्फात मीठ कशाला. तेही गोठणरोधकच आहे, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

दुसरा प्रयोग ऑक्सिजनचा. दोन सारख्या काचेच्या बाटल्या ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्याने काठोकाठ भराव्यात. दोन्हींत मिथिलीन ब्ल्यूचे काही थेंब टाकून फिका निळा रंग आणावा आणि एकीत चमचाभर ग्लिसरीन घालावे. आत हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी बुचे लावून दोन्ही बाटल्या अंधाऱ्या, उबदार जागी ठेवाव्यात. ग्लिसरीनच्या बाटलीतले जिवाणू खाऊ लागतात, ऑक्सिजन संपतो आणि निळा रंग जातो. याला एक दिवस लागेल किंवा तीन, पाण्यात जिवाणू किती आहेत त्यावर ते अवलंबून आहे. दुसरी बाटली बहुधा निळीच राहते. रंग गेलेल्या बाटलीचे बूच काढून थोडे पाणी ओतावे, पुन्हा बूच लावून जोराने हलवावे. हवा मिसळली की निळा रंग परत येतो. ती तशीच ठेवली तर काही वेळाने पुन्हा जातो, आणि किती वेळाने गेला ते दर वेळी मुलांनी घड्याळ लावून वहीत लिहावे.